वर्गात मुलांकडे पाहायचं कसं? नव्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

बडोद्यात रावपुऱ्याच्या बाजूला एका गुजराती माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी बावीस वर्षं शिकवतेय. दर वर्षी बी.एड.ची मुलंमुली आमच्याकडे इंटर्नशिपला येतात. त्यांतली बरीचशी दांडिया बाजार, वाडी, राजमहल रोड इथल्या मराठी घरांतली असतात. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारायला लाजतात आणि रिसेसमध्ये डबा उघडला की हळूच मराठीत विचारतात. तेच प्रश्न इथे घेतलेत. कॉलेजच्या फाइलीत वेगळं लिहावं लागलं तर खुशाल लिहा, पण वर्गात एकदा हे करून पाहा.

प्रश्न: मूल्यमापन म्हणजे शेवटी परीक्षाच ना?

परीक्षा हा त्यातला एक तुकडा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा (लागू झाला १ एप्रिल २०१० पासून) कलम २९ मध्ये सांगतो की मुलाला काय समजलंय आणि ते त्याला वापरता येतंय का, याचं सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावं. कलम २४ मध्ये तर शिक्षकाच्या कामांची यादीच आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखणं आणि त्याप्रमाणे लागेल ते जादा शिकवणं हे त्या यादीत आहे. यातला 'प्रत्येक' हा शब्द मला दर जूनमध्ये नव्याने टोचतो.

प्रश्न: वर्गात बेचाळीस मुलं आहेत. शिकवू की पाहत बसू?

त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय. तूर्त ते बाजूला ठेवू.

सगळ्यांना एका दिवसात पाहायला जाल तर कुणीच दिसणार नाही. रोज तीन मुलं घ्या. हजेरी घेताना तीन नंबरांपुढे पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचं. आज आपली नजर या तिघांवर. चौदा दिवसांत वर्ग पुरा होतो आणि मग पहिल्यापासून. तिघांव्यतिरिक्त कुणाचं काही लक्षात आलं तर तेही टिपा, पण हे तीन सुटता कामा नयेत. नाहीतर होतं काय, की वर्षभर आपण फक्त सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात दंगेखोर मुलांना पाहतो. मधली वीस-पंचवीस मुलं हजेरीपुरती उरतात.

लिहायला मोठी डायरी हातात धरू नका. मी कागदाचा चतकोर घडी करून खडूच्या डबीत ठेवते. माझ्या पहिल्या वर्षी मी वही घेऊन फिरायची, तर एका मुलाने रडवेल्या आवाजात विचारलं, "बेन, मारुं नाम लख्युं?" (बाई, माझं नाव लिहिलं?) त्याला वाटलं, तक्रार लिहितेय. पुढचा अर्धा तास सबंध वर्ग पुतळ्यासारखा. अशा वर्गात तुम्हाला दिसणार तरी काय?

आणि वेळ? उदाहरणं सोडवायला दिल्यानंतरची पहिली दोन मिनिटं. नवे शिक्षक नेमके तेव्हाच फळा पुसतात किंवा पत्रकं भरायला बसतात. त्याऐवजी वर्गाच्या मागे जाऊन उभे राहा. मागून चेहरे दिसत नाहीत, पण कोपर दिसतात. कुणाचं कोपर लगेच हलायला लागलं, कोण आधी शेजारच्या वहीत डोकावलं, कोण तिसऱ्यांदा पेन्सिल तासतंय. तिसऱ्यांदा पेन्सिल तासणाऱ्याला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. माझा अनुभव असा, की त्याला सुरुवात कुठून करायची तेच कळलेलं नसतं आणि तासणं हे एकच काम त्याला नक्की येत असतं.

प्रश्न: नोंद करताना नेमकं काय लिहू?

दोन नोंदी देते. एकाच मुलाच्या, एकाच तासाच्या. पहिली इंटर्नशिपला आलेल्या एका मुलीची:

"क्र. १४. लक्ष नाही. आळशी."

दुसरी तिनेच, पुन्हा आठवून लिहिलेली:

"क्र. १४. ११.२० ला वजाबाकीची उदाहरणं उतरवली. चार मिनिटं पेन्सिल हातात, वही कोरी. शेजारणीने 'पहेला एकम' म्हटल्यावर सुरू केलं. पहिली दोन बरोबर, तिसऱ्याला थांबला."

पहिली नोंद वाचून उद्या मी त्याला फार तर ओरडेन. दुसरीवरून कळतं, की त्याला वजाबाकी येते, पण एकमापासून, म्हणजे एककाच्या घरापासून, सुरू करायचं हे अजून हाताला लागलेलं नाही. उद्याचं काम ठरलं.

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं ते. उजवीकडे तुम्हाला वाटलं ते. उजवी बाजू चार-चार दिवस कोरी राहिली तरी बिघडत नाही. डाव्या बाजूला हुशार, ढ, आळशी, मस्तीखोर, शांत हे शब्द आले की खोडायचे. यातला 'शांत' मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. ज्याला सगळं येतं तो शांत, ज्याला काहीच कळत नाही तो शांत, ज्याला ताप आहे तोही शांत. तिघांच्या पत्रकात एकच शब्द, आणि आई-वडील खूश.

प्रश्न: मागच्या वर्षीच्या बेननी यादीच दिलीय: हे हुशार, हे कच्चे. वापरू का?

यादी घ्या, आभार माना आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवा. कुणाला फिट येते, कुणाच्या घरी काय झालंय, हे मात्र त्यांना लगेच विचारून घ्या. ती वेगळी गोष्ट.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवलं, की लष्करी अधिकारी हाताखालच्यांना गुण देताना एका चांगल्या गुणाची छाया बाकीच्या सगळ्या गुणांवर पाडतात. आपल्याकडे हे काम मोत्यासारखं अक्षर करतं. १९६८ मध्ये रोझेंथाल आणि जेकबसन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही मुलं निवडून शिक्षकांना सांगितलं, की ही यंदा चमकणार आहेत. वर्षअखेर पहिली-दुसरीतली तशी मुलं खरंच जास्त पुढे गेलेली दिसली. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण शिक्षकाच्या मनातली यादी मुलाला कळते, एवढं मान्य करायला मला प्रयोगाची गरज नाही. स्टाफरूममध्ये बसणं पुरे आहे.

आपल्या गावातलंच सांगायचं तर, कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जूनमध्ये त्याचं पत्रक भरायला मला बसवलं असतं, तर सगळ्या रकान्यांत फुल्या मारल्या असत्या. तोच गोपाळ म्हणजे सयाजीराव गायकवाड. त्यांनीच १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

प्रश्न: प्रश्न विचारला की तेच चार हात वर येतात. वर्गाला कळलंय असं समजू?

शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात ठीक आहे. इथे आपण नेमकी शिजलेली शितंच दाबून पाहतो आणि कुकर उतरवतो.

पहिला उपाय फुकटचा आहे: थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात मोजून पाहिलं, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण फळ्यापुढे उभं राहून मनात एक, बे, त्रण म्हणून बघा; घाम फुटतो.

दुसरा उपाय पाटी. सगळ्यांनी उत्तर लिहायचं, मी म्हटल्यावर एकदम वर धरायची. पाटी नसेल तर पाठकोरा कागद. दहा सेकंदांत बेचाळीस उत्तरं समोर. मात्र 'एकदम' हे पाळायला लावा, नाहीतर मागच्या बाकावरची मुलं पुढच्यांच्या पाट्या वाचून लिहितात आणि आपल्याला वर्ग फार हुशार वाटतो.

प्रश्न: वह्या तपासून बरोबर-चूक सोडून आणखी काय कळणार?

सगळ्यात जास्त तिथेच कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिसरी-चौथीतली वजाबाकी घ्या: ४०२ वजा १५७. बरोबर उत्तर २४५. चार वह्यांत चार चुकीची उत्तरं आली: ३५५, २५५, ३४५ आणि ५५९. चौघांना शून्य गुण.

३५५ वाल्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय: सातातून दोन गेले पाच, पाचातून शून्य गेलं पाच, चारातून एक गेला तीन. 'वरच्यातून खालचा' हे त्याला ठाऊक नाही, 'मोठ्यातून लहान' हे ठाऊक आहे. आणि ते कुणीतरी मोठ्या माणसानेच कधीतरी सांगितलेलं असतं. त्याला फळ्यावर शंभर वजाबाक्या करून दाखवा, तो त्याच्याच पद्धतीने करेल. त्याच्या हातात काड्यांचे जुडगे द्यावे लागतात. दोन काड्यांतून सात काढायला सांगितलं की मग तो तुमच्या तोंडाकडे बघतो.

२५५ वाल्याला हातचा घेणं येतं. अडलाय तो मधल्या शून्यापाशी. शून्याचे दहा केले, पण त्यातला एक एकमाला देऊन नऊ उरले हे विसरला. ३४५ वाल्याने नऊ बरोबर धरले, पण शतकातून एक गेलाय हे चारावर खोडून लिहिलंच नाही. या दोघांना पाच मिनिटं पुरतात. वर बारीक अक्षरात खोडून लिहायची सवय लावली की झालं. आणि ५५९ वाल्याने चक्क बेरीज केलीय. त्याला वजाबाकी येत नाही असं म्हणायला या उत्तरात काहीच पुरावा नाही. त्याला फक्त "चिन्ह बघ" म्हणा आणि पुन्हा सोडवू द्या.

म्हणून वही तपासताना नुसती फुली मारू नका, चुकलेलं उत्तर कागदावर उतरवून घ्या. चाळीस वह्यांत बहुधा चार-पाच प्रकारच्याच चुका निघतात. दुसऱ्या दिवशी मुलं हुशार-कच्ची अशी न बसवता चुकीप्रमाणे बसवा. माझा हा सल्ला ऐकून एकाने विचारलं होतं, वेळ कुठून आणू? मी म्हटलं, रोज सगळ्या वह्या तपासू नका. एक दिवसाआड तपासा, पण वाचून तपासा. लाल टिकांनी भरलेली वही निरीक्षक येतात तेव्हा छान दिसते, एवढंच.

प्रश्न: मूल घरी मराठी बोलतं, शाळा गुजराती. त्याने काही फरक पडतो?

पडतो, आणि याबाबतीत माझीच फजिती सांगते. पहिलीतली एक मुलगी. बुधवारी मी तोंडी विचारलं, "आजे बुधवार, तो काले?" ती ठणकावून म्हणाली, "मंगळवार." दोनतीन वेळा असंच झालं. मी लिहून टाकलं, वारांचा क्रम येत नाही. तीन आठवड्यांनी तिची आजी न्यायला आली आणि माझ्याशी मराठीत बोलली तेव्हा माझी ट्यूब पेटली. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. येणारा तो उद्या. तिचं उत्तर घरच्या भाषेत चोख बरोबर होतं. बरं, गुजरातीतसुद्धा 'काले' दोन्हीकडे चालतं. गई काले की आवती काले, हे मी विचारायला हवं होतं. मी स्वतः मराठी घरातली, तरी मला तीन आठवडे लागले.

असंच घरचा वजाबाकी हा शब्द आणि शाळेतला बादबाकी. असंच गुजराती पाचाचा आकडा, जो आपल्या 'प'सारखा दिसतो. गुजराती लिपीत शिरोरेघ नसते, तर हिंदी लिहिताना मुलं ती गाळतात; मजकूर बरोबर असेल तर त्यासाठी गुण कापू नका. उत्तर चुकलं की आधी दुसऱ्या शब्दांत विचारून बघा, लागलं तर घरच्या भाषेत. विषय येत नाही की प्रश्नाची भाषा कळली नाही, हे वेगळं झालं पाहिजे.

प्रश्न: वाचता येतं की पाठ केलंय, हे कसं ओळखू?

मूल वाचत असताना तुम्ही पुस्तकाकडे पाहू नका, त्याच्या बोटाकडे पाहा. बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंडात चौथी ओळ, असं असलं की पाठ आहे. मग पानाच्या शेवटच्या ओळीपासून वाचायला सांगा, चित्र हाताने झाका, किंवा धड्यातलेच शब्द घेऊन नवं वाक्य फळ्यावर लिहा. हे एकेकट्याला जवळ बोलावून करा. सगळ्या वर्गासमोर अडखळायला लावणं ही वाचनाची परीक्षा नव्हे, मुलाच्या धीराची आहे.

प्रश्न: एकम कसोटीत (युनिट टेस्टमध्ये) गुण कमी पडले, पण वर्गात तर त्याला सगळं येतं. कशावर विश्वास ठेवू?

दोन्हींवर, आणि मग कारण शोधा. वेळ पुरला का, प्रश्न वाचता आला का, आदल्या रात्री काय झालं? बडोद्यात नवरात्रात मुलं रात्री उशिरापर्यंत गरब्याला असतात. त्या नऊ दिवसांत सकाळी पहिल्या तासाला घेतलेली कसोटी ज्ञानाची नसून झोपेची असते. उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, मांज्याने कापलेल्या बोटांना पट्ट्या असतात, त्या आठवड्यात सुंदर अक्षराचे गुण देऊ नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला होता, त्यात कित्येक मुलांच्या वह्याच वाहून गेल्या होत्या. तेव्हाचे गुण मी माझ्यापुरते पेन्सिलीने लिहिले होते.

प्रश्न: एखाद्या मुलाला डिस्लेक्सिया आहे असं वाटतं. पालकांना सांगू?

नाव घेऊ नका. निदान करणं आपलं काम नाही. आधी साध्या गोष्टी: पुढच्या बाकावर बसवून बघा, मागून हळू हाक मारून बघा. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारी मुलं कितीदा चष्मा लागला की सुधारतात. तरीही प्रश्न उरला, तर तारखेनिशी सात-आठ नोंदी मुख्याध्यापकांकडे द्या आणि तज्ज्ञांकडून तपासणीचा आग्रह धरा. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, त्यामुळे रीतसर प्रमाणपत्राचा मुलाला उपयोग होतो. तुमच्या अंदाजाचा होत नाही.

प्रश्न: पत्रक भरताना सगळ्यांना 'चांगलं'च भरू का? वाद नको.

मोह मलाही होतो. पण अडलेल्या मुलापुढे टिक मारलीत, तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला तो अडलाय हे कळणारच नाही. येत नाही तिथे येत नाही असंच लिहा, मात्र काय येतं तेही बाजूला लिहा.

प्रश्न: मग पाचवी-आठवीत नापास करता येतं का?

२०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पाचवी आणि आठवीला वर्षअखेर परीक्षा, नापास झाल्यास जादा शिकवणी आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तीही गेली तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हा अधिकार सरकारचा. तुमच्या हातात आहे ते मधलं जादा शिकवणं.

प्रश्न: पालकसभेत काय सांगू? आया थेट विचारतात, "आमचा बाबू कसा आहे अभ्यासात?"

'छान आहे' आणि 'लक्ष द्या' ही दोन वाक्यं सोडून काहीही सांगा. खडूच्या डबीतल्या चिठ्ठ्या इथे कामाला येतात. "काकू, परवा गुणाकाराचं उदाहरण त्याने एकट्याने सोडवलं आणि शेजारच्याला समजावलंसुद्धा. भागाकारात मात्र बाकी लिहायला विसरतो." एवढं ऐकलं की आईचा चेहरा बदलतो, कारण तिला कळतं की या बाईने माझ्या मुलाला पाहिलंय. वडील "मारा हवे तर" म्हणाले, तर हसून विषय बदला. कायद्याचं कलम १७ मारायला आणि मानसिक छळाला मनाई करतं. दुसऱ्या मुलाशी तुलना तर अजिबात नको. बडोद्यातल्या मराठी मंडळींत दोन आया संध्याकाळी सूरसागर तळ्यावर भेटल्या की तुमचं वाक्य तिखटमीठ लावून पोचतं.

प्रश्न: मुलांनी स्वतःच स्वतःला गुण द्यायचे, हे खरंच चालतं?

२०२० च्या शैक्षणिक धोरणातल्या प्रगतिपत्रकात स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापनही धरलंय. गुण देऊ नका, प्रश्न द्या: आज कुठे अडलास? लहान मुलं यात मोठ्यांपेक्षा खरं बोलतात. एकमेकांच्या वह्या तपासायला दिल्या तर मात्र मैत्री आणि भांडणं दोन्ही गुणांत उतरतात, तेवढं सांभाळा.

प्रश्न: माझ्याच पाठाचं निरीक्षण असतं तेव्हा हातपाय गळतात. काय करू?

आधीच जाऊन सांगा, "सर, आज माझं हे एकच बघा." काय बघायचं ते तुम्ही ठरवा: मी किती वेळ थांबते, मुलींना किती विचारते. मागे बसलेला माणूस मग परीक्षक न राहता तुमच्या कामाचा होतो.

माझ्या पहिल्या वर्षी आमचे मुख्याध्यापक असेच मागे येऊन बसले होते. पाठ मस्त झाला, मुलं बोलली, मी मनात खूश. नंतर त्यांनी काही न बोलता हातात एक कागद दिला. वर्गाचा नकाशा काढला होता आणि मी ज्या ज्या मुलाशी बोलले त्याच्याकडे माझ्यापासून एकेक रेघ. डावीकडच्या पहिल्या तीन बाकांवर रेघांचं जाळं. उजव्या अर्ध्या वर्गात एकच रेघ, खिडकीपाशी गेलेली, आणि तिच्यावर त्यांच्या बारीक गुजराती अक्षरात लिहिलेलं: "बारी बंध कर." (खिडकी बंद कर.)